रामचंद्रपंत अमात्य : राज्यबदलांच्या काळातील कारभारी

पुढील घटकात आपण ‘आज्ञापत्र’ या ग्रंथाचा अभ्यास करणार आहोत. तत्पूर्वी त्याचे कर्ते मानले जाणारे रामचंद्र नीळकंठ, अर्थात रामचंद्रपंत अमात्य, यांचे चरित्र जाणून घेणे आवश्यक आहे. राज्यकारभाराविषयीचे हे लेखन आयुष्यभर राज्यबदल पाहिलेल्या माणसाचे आहे.

पंतांचे वडील नीळो सोनदेव हे शिवाजी महाराजांचे विश्वासू कारभारी. १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला तेव्हा अमात्यपद तरुण रामचंद्रपंतांकडे होते. १६८० मध्ये महाराजांचे निधन झाले आणि वारसाच्या प्रश्नावरून प्रधानमंडळ दुभंगले. अण्णाजी दत्तोंसारखे ज्येष्ठ प्रधान पुढे कटाच्या आरोपावरून प्राणास मुकले. पंत मात्र संभाजी महाराजांच्या कारकिर्दीतही सेवेत टिकून राहिले.

खरी कसोटी १६८९ मध्ये लागली. मार्चमध्ये औरंगजेबाने संभाजी महाराजांना ठार मारले. रायगडाला वेढा पडला. राजाराम महाराज गडाबाहेर पडले व अखेर जिंजीस पोहोचले. नोव्हेंबरमध्ये रायगड पडून येसूबाई व बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजधानी गेली आणि राजा दूर दक्षिणेत, अशा अवस्थेत महाराष्ट्राचा कारभार पंतांच्या हाती आला. त्यांना ‘हुकुमतपनाह’ हा किताब मिळाला. (राज्यव्यवहारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा कोश शिवकाळातच तयार झाला होता, तरी सर्वोच्च अधिकाराचा हा किताब फारसीच राहिला. भाषेच्या अभ्यासकांनी हे लक्षात घ्यावे.)

विशाळगडावरून पंतांनी हा कारभार चालविला. शंकराजी नारायण व परशुराम त्रिंबक हे त्यांचे सहकारी, तर संताजी घोरपडे व धनाजी जाधव हे रणांगणावरील आधार. लढायांचे वर्णन इतिहासग्रंथांत विपुल आढळते. गडांवर धान्य पोहोचविणे, फौजेच्या खर्चाची तरतूद करणे, डळमळणाऱ्या देशमुखांना पत्रे धाडणे, हे काम तुलनेने दुर्लक्षित राहिले. पंतांचे धैर्य याच कामात दिसते. राजा समोर नसतानाही त्याच्या नावाने हुकूम सुटत राहिले, म्हणून राज्य आहे असे लोकांना वाटत राहिले.

या स्थैर्याची किंमतही मोजावी लागली. औरंगजेब वतनांचे आमिष दाखवून मराठा सरदार फोडत होता. त्यांना आपल्याकडे राखण्यासाठी राजारामांच्या दरबारालाही वतने व इनामे द्यावी लागली. शिवाजी महाराजांनी कटाक्षाने आवरलेली ही प्रथा पुन्हा फोफावली, आणि ज्या राजवटीत ती फोफावली तिचे एक प्रमुख कारभारी पंतच होते.

१७०० मध्ये सिंहगडावर राजारामांचे निधन झाले. ताराबाईंनी सूत्रे हाती घेतली व पंत त्यांच्या पाठीशी राहिले. १७०७ मध्ये औरंगजेब मरण पावला, शाहूंची सुटका झाली आणि दोन गाद्यांचा कलह पेटला. धनाजी जाधव शाहूंना मिळाले. निष्ठेच्या पेचात सापडलेल्या शंकराजींनी प्राणत्याग केला. पंतांनी पक्ष बदलला नाही. ते ताराबाईंच्या बाजूस राहिले.

परंतु त्यांना निव्वळ एकनिष्ठ म्हणता येईल का? १७१४ मध्ये पन्हाळ्यावर ताराबाई व त्यांचे पुत्र कैद झाले आणि राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले. या सत्तांतरात पंतांचा हात होता, असे सामान्यतः मानले जाते. राज्य वाचवायचे तर राज्यकर्ता बदलावा लागतो, अशी त्यांची धारणा असावी. ताराबाईंच्या दृष्टीने मात्र तो विश्वासघातच ठरला असणार. चरित्रकाराने यांतील एकच बाजू स्वीकारण्याची घाई करू नये, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या नव्या राजाच्या नावेच १७१५ मध्ये ‘आज्ञापत्र’ सिद्ध झाले. राजा, प्रधान, सावकार, टोपीकर, दुर्ग व आरमार यांचा विचार त्यात आहे. आरमारासाठी लाकूड हवे असले तरी रयतेने वाढविलेली आंब्या-फणसाची झाडे बळाने तोडू नयेत, अशी ताकीदही आहे. वतनदारांवरील विवेचन सर्वांत कठोर आहे: त्यांना दुखवू नये, पण मोकळेही सोडू नये. ते प्रकरण वाचताना १६८९ नंतर वतने वाटणाऱ्या राजवटीचा कारभार कोणाच्या हाती होता, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.