माधव जूलियन : रविवारची बैठक आणि रोजचा रियाज

आषाढ लागला की आपल्या गगनबावड्याला धुक्याचा वेढा पडतो. गगनगड दिसेनासा होतो, करूळ आणि भुईबावडा हे दोन्ही घाट ढगांत बुडून जातात आणि भर दुपारी वर्गात दिवे लावून बसावे लागते. अशा दिवसांत वहीच्या शेवटच्या पानावर चार ओळी लिहिणारे आपल्यात कमी नाहीत. पण ती वही कोणाला दाखवायची नाही, हा आपला शिरस्ता. कारण विचारले तर दोन उत्तरे ठरलेली असतात. पहिले हे की, लिहिणे ही पुण्या-मुंबईकडची गोष्ट. येथे ऐकणार कोण आणि चुका सांगणार कोण? दुसरे हे की, प्रतिभा जन्मावीच लागते. ती नसेल तर खटाटोप कशाला? माझीही वही या दोन उत्तरांखाली बरेच दिवस दडून होती. ज्याच्या आयुष्याने या दोन्ही उत्तरांना परस्पर जबाब दिला, असा एक कवी येथून सुमारे पंचावन्न किलोमीटरवरच्या कोल्हापुरात अकरा वर्षे शिकवीत होता, हे कळल्यावर ती वही मी पुन्हा उघडली. तो कवी म्हणजे माधव जूलियन.

त्यांचे खरे नाव माधव त्र्यंबक पटवर्धन. जन्म २१ जानेवारी १८९४ रोजी बडोद्याचा. इंग्रजी आणि फार्सी या दोन भाषांचा त्यांनी कसून अभ्यास केला आणि १९१८ साली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते फार्सीचे अध्यापक झाले. जूलियन हे टोपणनाव इंग्रजी कवी शेली याच्या एका काव्यातील पात्रावरून घेतले असे सांगतात. मराठी नाव, त्याला इंग्रजी जोड आणि हाताशी फार्सीची विद्या, असा हा तीन भाषांचा संगम होता. त्यांच्या पुढच्या साऱ्या लेखनाचे बीज त्यात सापडते.

पुण्यात त्या वेळी कविता लिहिणारी काही तरुण मंडळी होती. कोणी शाळेत शिकवीत होते, कोणी अन्य नोकरीत होते. रविवार हा सुटीचा दिवस. त्या दिवशी चहाच्या निमित्ताने एकत्र जमावे, आठवडाभरात जे लिहिले ते वाचून दाखवावे आणि त्यावर मनमोकळी चर्चा करावी, असा परिपाठ पडला. या चहाच्या बैठकीला ती मंडळी थट्टेने सन-टी क्लब म्हणत. त्यातूनच १९२३ साली रविकिरण मंडळ उभे राहिले. श्रीधर बाळकृष्ण रानडे, त्यांच्या पत्नी मनोरमाबाई रानडे, यशवंत म्हणजे यशवंत दिनकर पेंढरकर, गिरीश म्हणजे शंकर केशव कानेटकर, ग. त्र्यं. माडखोलकर, द. ल. गोखले, वि. द. घाटे आणि माधव जूलियन अशी ही आठ माणसे. त्याच वर्षी त्यांचा ‘किरण’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. रविवार आणि किरण, दोन्ही मंडळाच्या नावात नांदताना दिसतात.

आठ माणसे म्हणजे काही मोठी संस्था नव्हे. आपल्या वर्गातल्या दोन बाकांवर मावतील एवढीच ती. आठांत एक स्त्री होती आणि ती केवळ कोणाची पत्नी म्हणून नव्हे, तर कवयित्री म्हणून होती, हे १९२३ सालच्या समाजात विशेषच म्हटले पाहिजे. या आठांची वृत्तीही सारखी नव्हती. यशवंतांची कविता घरगुती भावनेत रमणारी, गिरीशांची खेड्यापाड्यांकडे ओढ घेणारी, तर माधव जूलियन यांची प्रणयाच्या आणि बंडाच्या वाटेने जाणारी. माडखोलकर पुढे कादंबरीकार आणि नागपूरच्या ‘तरुण भारत’चे संपादक म्हणून गाजले. अशी निरनिराळ्या पिंडाची माणसे दर आठवड्याला समोरासमोर बसली, यातच त्या बैठकीचे मर्म आहे. एकट्याने लिहिणाऱ्याला आपली ओळ नेहमीच गोड लागते. ती दुसऱ्याच्या कानावर पडली की कोठे अडखळते, कोठे अर्थ लागत नाही, हे तत्काळ कळते. शिवाय रविवार जवळ आला की रिकाम्या हाताने कसे जायचे, ही लाजही माणसाला लिहिते करते.

मंडळाने कविता केवळ चार भिंतींत ठेवली नाही. स्वतःचे संग्रह स्वतः प्रसिद्ध केले आणि सभासंमेलनांतून काव्यगायन सुरू केले. कविता ही गाऊन ऐकवण्याची वस्तू आहे, ही जाणीव सामान्य श्रोत्यांत रुजली ती मुख्यतः याच मंडळींमुळे. टीकाही भरपूर झाली. आचार्य अत्रे यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये या कवींची यथेच्छ टिंगल केली आणि सारा महाराष्ट्र त्यावर हसला. त्या टिंगलीत तथ्य नव्हते असे मुळीच नाही. एकत्र बसणाऱ्यांची आवडनिवड हळूहळू एकसारखी होते, परस्परांचे कौतुक सोपे वाटू लागते, लकबी ठरून जातात. मंडळ काढणाऱ्या प्रत्येकाने हा धोका ओळखून असावे.

मंडळ ऐन भरात असतानाच माधव जूलियन यांच्यावर मोठा प्रसंग आला. खाजगी आयुष्यावरून पुण्यात लोकापवाद उठला आणि १९२४ साली त्यांचा फर्ग्युसनशी संबंध सुटला. मानाची जागा गेली, नावाभोवती कुजबुज सुरू झाली. अशा वेळी एखादा कवी कडवट होऊन गप्प बसता तर नवल नव्हते. पण या काळातील त्यांच्या ग्रंथांची यादी पाहिली की आपण चकित होतो. १९२५ साली त्यांचा ‘फार्शी-मराठी कोश’ भारत इतिहास संशोधक मंडळाने प्रसिद्ध केला. १९२६ साली ‘विरहतरंग’ हे खंडकाव्य आले. १९२७ साली ‘छन्दोरचना’ हा ग्रंथ आला. तीन वर्षांत तीन पुस्तके आणि तिन्ही तीन जातींची!

येथे थोडे थांबून विचार करावासा वाटतो. खंडकाव्य एखाद्या आवेगात लिहिले जाईल, असे घटकाभर मानू. पण शब्दकोश आवेगात होत नाही. तो एकेका शब्दाने, एकेका चिठ्ठीने, रोज थोडा थोडा वाढतो. छंदःशास्त्राचेही तसेच. शेकडो कविता पुढ्यात घ्यायच्या, प्रत्येक ओळीतील लघु-गुरू तपासायचे, लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन असा हिशेब मांडायचा आणि मग कोणत्या ओळी पाच मात्रांच्या आवर्तनाने चालतात, कोणत्या सहा, सात किंवा आठ मात्रांच्या, हे ठरवायचे. अक्षरगणवृत्ते, मात्रांवर चालणाऱ्या जाती आणि ओवी-अभंगांसारखे छंद यांची व्यवस्था त्यांनी अशा मेहनतीने लावली. गवई पहाटे उठून षड्ज लावतो, त्याच जातीचे हे काम. रविवारची बैठक कान देत होती. पण सोमवार ते शनिवार एकट्यानेच बसावे लागते, याचा दाखला या ग्रंथांतून मिळतो.

१९२८ साली ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. ना. सी. फडकेही तेव्हा त्याच कॉलेजात होते. पुण्याची रोजची सोबत आता राहिली नव्हती. पण अंगी बाणलेला परिपाठ बरोबर आला होता. त्याच वर्षी ‘सुधारक’ आणि पुढच्या वर्षी ‘नकुलालंकार’ प्रसिद्ध झाले. १९३३ साली ‘गज्जलांजलि’ आली. फार्सी गझलेची वृत्ते आणि तिचा घाट मराठीत आणण्याचा तो पहिला मोठा प्रयत्न. ‘स्वप्नरंजन’ १९३४ चे, तर सुनीतांचा ‘तुटलेले दुवे’ हा संग्रह १९३८ चा.

त्यांच्या चिकाटीचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे उमर खय्याम. १९२९ साली त्यांनी खय्यामच्या रुबाया मूळ फार्सीतून मराठीत आणल्या. तेवढ्याने समाधान झाले नाही. १९३१ साली फिट्झेराल्डच्या इंग्रजी अवतारावरून ‘द्राक्षकन्या’ रचली. पुन्हा तिसऱ्यांदा हात घातला, ती ‘मधुलहरी’ त्यांच्या मृत्यूनंतर १९४० साली बाहेर आली. एकाच कवीकडे तीनदा वळणे म्हणजे आपले आधीचे काम अपुरे आहे हे स्वतःशी कबूल करणे. एकदा लिहिलेली ओळ खोडायला आपण किती कचरतो, ते आठवून पाहावे.

भाषेच्या बाबतीतही ते एका जागी थांबले नाहीत. आरंभीच्या कवितेत फार्सी शब्दांची उधळण करणारा हाच कवी पुढे भाषाशुद्धीचा कडवा पुरस्कर्ता झाला आणि १९३८ साली त्याने ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. फार्सीचा कोश करणाऱ्यानेच मराठीतील फार्सी शब्दांना रजा द्यावी, हे अनेकांना पटले नाही. आजही पटेलच असे नाही. मात्र ज्याने दोन्ही घरे आतून पाहिली होती, त्याचे ते मत होते, हे विसरता येत नाही.

मानसन्मान उशिरा आले, पण आले. १९३६ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ‘छन्दोरचना’ची सुधारून वाढविलेली आवृत्ती १९३७ साली निघाली आणि त्या ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाने १९३८ साली त्यांना डी. लिट्. ही पदवी दिली. मराठीतील कामासाठी त्या विद्यापीठाने दिलेली ही पहिलीच डी. लिट्. पुढच्याच वर्षी, २९ नोव्हेंबर १९३९ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे पंचेचाळीस. त्यांच्या पत्नी लीलाताई यांनी या सहजीवनावर ‘आमची अकरा वर्षं’ हे आठवणींचे पुस्तक लिहिले.

पुढे मर्ढेकरांच्या कवितेने मराठी काव्याची वाटच बदलली आणि रविकिरण मंडळाची बरीचशी कविता जुनी वाटू लागली. तरीही गझल लिहिणारा किंवा वृत्तांचा अभ्यास करणारा प्रत्येक जण आजही माधवरावांच्या दारावरून जातो. बैठक मोडली, चहाचे कप धुऊन ठेवले गेले. बैठकीत तयार झालेला कान आणि रोजच्या कामात तयार झालेला हात मात्र मागे काही ठेवून गेले.

मग गगनबावड्यात काय कमी आहे? आज्ञापत्रासारखा ग्रंथ ज्यांच्या नावावर आहे, त्या रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याची ही जहागीर. लेखणी या मातीला परकी नाही. पावसाचे चार महिने आपल्याला आयतेच कोंडून ठेवतात. रोज रात्री अर्धा तास एकट्याने लिहावे, आठवड्यातून एकदा चौघांनी जमावे, वाचावे, ऐकावे आणि चूक दिसली तर तोंडावर सांगावी. त्याला ना इमारत लागते, ना वर्गणी. आठ जण मिळाले नाहीत तर तिघे पुरेत. वही उघडायचे धाडस मात्र प्रत्येकाने आपापले करायचे आहे.