जनरल ग्रँट : मरणाच्या दारात लिहिलेल्या युद्धाच्या आठवणी



'माझा अविस्मरणीय अनुभव' हा निबंध आपण सगळ्यांनीच कधी ना कधी मुलांना लिहायला दिलेला आहे. वह्या तपासायला घेतल्या की काय दिसतं? निम्म्या वह्यांत तोच सोनेरी सूर्योदय, तीच पक्ष्यांची किलबिल. मुलाने स्वतः काय पाहिलं, ते कुठेच सापडत नाही. आणि गंमत बघा, तोच मुलगा मधल्या सुट्टीत मित्रांना घरी घडलेला प्रसंग इतका रंगवून सांगत असतो की आपणही थांबून ऐकतो.

आज मी तुम्हाला ज्या माणसाची गोष्ट सांगणार आहे, त्याला हाच धडा वयाच्या 62 व्या वर्षी शिकावा लागला. तो अमेरिकेचा सरसेनापती होता, दोन वेळा राष्ट्राध्यक्ष होता. नाव युलिसिस ग्रँट.

शिंगराचा सौदा

ग्रँटचा जन्म 27 एप्रिल 1822 रोजी ओहायो राज्यातल्या पॉइंट प्लेझंट या छोट्या गावी झाला. वडिलांचा कातडी कमावण्याचा धंदा होता. मुलाला त्या धंद्याची मनापासून किळस. त्याचा जीव रमायचा तो घोड्यांत.

आठ वर्षांचा असताना त्याला एका शेजाऱ्याचं शिंगरू आवडलं. शेजारी 25 डॉलर मागत होता, वडिलांच्या मते त्याची किंमत 20. मुलाने हट्ट धरला तेव्हा वडिलांनी बजावून पाठवलं, की आधी 20 सांग, नाही म्हणाला तर साडेबावीस, आणि तरीही अडून बसला तर 25 दे. पोरगं गेलं आणि वडिलांनी सांगितलेलं सगळं जसंच्या तसं शेजाऱ्याला सांगून बसलं! आता सौदा कितीला ठरला असेल, हे तुम्हाला सांगायला नको. गावातली पोरं पुढे कितीतरी दिवस त्याला यावरून चिडवत होती.

मनातलं लपवता न येणं हा त्याचा स्वभाव आयुष्यभर टिकला. या स्वभावाने त्याला भिकेला लावलं आणि याच स्वभावाने त्याच्याकडून एक मोठं पुस्तक लिहून घेतलं.

सगळीकडे अपयश

वडिलांनी त्याला वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात पाठवलं. 1843 साली तो 39 जणांच्या वर्गात 21 वा आला. अभ्यासापेक्षा कादंबऱ्या जास्त वाचल्या, असं त्याने पुढे मोकळेपणाने कबूल केलंय. मेक्सिकोबरोबरच्या युद्धात तो लढला, पण बलाढ्य देशाने दुबळ्या देशावर लादलेलं ते अन्यायी युद्ध होतं, असं त्याचं मत होतं आणि ते त्याने लिहूनही ठेवलं.

1854 मध्ये त्याने लष्कराची नोकरी सोडली आणि खरी परवड सुरू झाली. सेंट लुइसजवळ शेती केली, ती बुडाली. शहरात जळाऊ लाकडं विकत फिरला. 1857 च्या नाताळाच्या आधी घरखर्चासाठी सोन्याचं घड्याळ 22 डॉलरला गहाण टाकलं. अशा ओढगस्तीत असतानाही 1859 मध्ये त्याने आपल्या ताब्यातला एकमेव गुलाम, विल्यम जोन्स, याला मुक्त केलं. विकला असता तर चांगले पैसे आले असते. शेवटी 1860 मध्ये तो गलेना गावात वडिलांच्या चामड्याच्या दुकानात कारकुनी करू लागला. दुकान धाकटे भाऊ चालवत होते. म्हणजे वयाच्या अडतिसाव्या वर्षी धाकट्या भावांच्या हाताखाली!

पलटण आणि भीती

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. गुलामगिरी टिकवण्यासाठी दक्षिणेतली राज्यं देशातून फुटून निघाली. उत्तरेला शिकलेले अधिकारी हवे होते, म्हणून ग्रँटला 21 व्या इलिनॉय पलटणीचा कर्नल केलं. पलटण म्हणजे खेड्यापाड्यांतली, शिस्त माहीत नसलेली तरुण पोरं.

पहिल्याच मोहिमेत मिसुरी राज्यात हॅरिस नावाच्या शत्रूच्या कर्नलवर चाल करून जायचं होतं. टेकडीपलीकडे त्याचा तळ होता. टेकडी चढताना ग्रँटचं काळीज वर वर सरकू लागलं. परत फिरावंसं वाटत होतं, पण थांबा म्हणण्याचीही हिंमत होईना. माथ्यावर पोचून पाहतो तर तळ रिकामा! हॅरिस केव्हाच निघून गेला होता. तेव्हा ग्रँटच्या लक्षात आलं, की मी त्याला जितका घाबरत होतो तितकाच तोही मला घाबरत होता. पुढच्या सगळ्या लढायांत हा धडा त्याला पुरला. विचार करा, देशाचा विजयी सेनापती आपल्या पुस्तकात आपल्या भित्रेपणाची गोष्ट अशी सरळ सांगतो.

चिखल, पाऊस आणि जखमी

एप्रिल 1862 मध्ये शायलो इथे दोन दिवस लढाई झाली. दोन्ही बाजूंचे मिळून 23 हजारांहून जास्त सैनिक मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले. पहिल्या रात्री मुसळधार पाऊस होता. घोडा अंगावर पडल्यामुळे ग्रँटचा पाय आधीच सुजलेला. आसऱ्यासाठी तो एका लाकडी घरात गेला, पण तिथे जखमी आणले जात होते, कुणाचे हात तर कुणाचे पाय कापले जात होते. ते त्याला बघवेना. तो उठला आणि पुन्हा पावसात झाडाखाली जाऊन बसला. हजारोंना लढाईत धाडणाऱ्या माणसाला त्यांच्या जखमा पाहणं जड गेलं, हेही त्याने लपवलं नाही.

4 जुलै 1863 रोजी व्हिक्सबर्ग शहर शरण आलं. दीड महिन्याच्या वेढ्यात आतले सैनिक उपाशी होते. ग्रँटच्या सैनिकांनी जल्लोष केला नाही. त्यांनी आपल्या पिशव्यांतली भाकरी काढून कालपर्यंतच्या शत्रूला दिली. हा प्रसंग त्याने फार आपुलकीने टिपलाय.

आणि मग जून 1864 मधलं कोल्ड हार्बर. खंदकांत पक्क्या बसलेल्या शत्रूवर ग्रँटने समोरून हल्ला करायला लावला. थोड्याच वेळात हजारो सैनिक पडले आणि हाती काहीच लागलं नाही. त्यानंतर जखमींना उचलण्यासाठी तह कसा करायचा, यावर ग्रँट आणि दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली यांच्यात पत्रं सुरू झाली. ती दोन-तीन दिवस चालली. प्रत्यक्ष माणसं उचलायला गेली तेव्हा दोघे सोडून बाकी सगळे जखमी मेलेले होते. त्या शेवटच्या हल्ल्याचा आपल्याला कायम पश्चात्ताप वाटत आला, असं ग्रँटने लिहिलंय. दुसऱ्या कुणावर खापर फोडलेलं नाही.

9 एप्रिल 1865 रोजी ॲपोमॅटॉक्स इथे ली शरण आला. ली कडक नव्या गणवेशात, तर ग्रँटच्या अंगावर साध्या सैनिकाचा चिखलाने माखलेला डगला. ग्रँटने अटी घातल्या त्या अशा, की पराभूत सैनिकांनी आपले घोडे-खेचरं घरी न्यावीत, कारण नांगरणीचे दिवस आहेत. त्यांच्या उपाशी फौजेला त्याने शिधा दिला. आपल्या छावणीत विजयाच्या तोफा सुरू झाल्या, त्याही थांबवल्या. दक्षिणेने ज्या गोष्टीसाठी शस्त्र उचललं ती अत्यंत वाईट होती, हे त्याचं मत पक्कं होतं, पण त्या माणसांच्या पाडावाचा त्याला आनंद झाला नाही.

पुन्हा कफल्लक

1869 ते 1877 तो राष्ट्राध्यक्ष होता. काळ्या नागरिकांच्या मतदानाच्या हक्कासाठी तो उभा राहिला, पण ज्यांच्यावर विश्वास टाकला अशा काही माणसांनी भ्रष्टाचार केला. नंतर तो जगप्रवासाला निघाला. फेब्रुवारी 1879 मध्ये आपल्या मुंबईतही येऊन गेला.

1884 च्या मे महिन्यात शिंगराची गोष्ट पुन्हा घडली. मुलाच्या नादाने तो एका पेढीत भागीदार झाला होता. फर्डिनांड वॉर्ड नावाचा भागीदार एकाचे पैसे दुसऱ्याला देऊन नफा दाखवत होता. पेढी बुडाली. ग्रँटच्या हातात जेमतेम 80 डॉलर उरले आणि डोक्यावर दीड लाखाचं कर्ज. त्या काळी माजी राष्ट्राध्यक्षांना निवृत्तिवेतन नव्हतं. कर्ज फेडायला त्याने आपल्या तलवारी आणि मानचिन्हंसुद्धा सावकाराच्या हवाली केली.

तेव्हा एका मासिकाने त्याच्याकडे लढायांवर लेख मागितले. लेखाला 500 डॉलर. त्याने शायलोवर लेख लिहून पाठवला, पण तो निव्वळ सरकारी अहवाल होता. अमुक तुकडी तमुक वाजता निघाली, असला. संपादक जॉन्सन हुशार. त्याने लेख नापसंत असल्याचं तोंडावर सांगितलं नाही. तो ग्रँटच्या घरी गेला आणि त्याला नुसतं बोलतं केलं. त्या दिवशी काय पाहिलं, काय वाटलं, कशाची काळजी होती? ग्रँट खुलून सांगू लागला. मग संपादकाने हळूच सुचवलं, की आत्ता जे सांगितलंत तेच लिहा. ग्रँटने लेख नव्याने लिहिला. शिक्षक म्हणून मला या सगळ्या चरित्रात हा प्रसंग सर्वात मोलाचा वाटतो.

शेवटची लढाई

त्याच वर्षी घशाचा कर्करोग निघाला. आपल्यामागे बायको जुलियाचं काय होणार, हा एकच घोर. प्रसिद्ध लेखक मार्क ट्वेन याने आपल्या प्रकाशन संस्थेतर्फे आठवणी छापण्याचा कितीतरी चांगला करार दिला. ग्रँट कामाला लागला. सुरुवातीला तोंडी मजकूर सांगायचा. मग आवाज गेला, तेव्हा पेन्सिल घेऊन लिहू लागला. पाणी गिळतानाही आग व्हायची. आडवं झालं की गुदमरायचं, म्हणून दोन खुर्च्या समोरासमोर ठेवून बसल्या बसल्या झोपायचा. वेदनाशामक औषधाने डोकं जड होतं, म्हणून ते घ्यायलाही तो नाखूश असे.

पुस्तक त्याने अमेरिकेच्या सैनिकाला आणि नाविकाला अर्पण केलं. हे फक्त आपल्या बाजूच्यांसाठी असावं का, असा प्रश्न मुलाने काढला. ग्रँटने अर्पणपत्रिका बदलली नाही. जे आपल्या बाजूने लढले आणि जे विरुद्ध लढले, दोघांसाठी ती होती.

जुलै 1885 च्या तिसऱ्या आठवड्यात काम संपलं आणि 23 जुलैला तो गेला. युद्धात त्याला शरण आलेला जुना मित्र बकनर त्याच महिन्यात त्याला भेटून गेला होता. अंत्ययात्रेत मान देऊन नेमलेल्या खांदेकऱ्यांतही बकनर होता. पुस्तकाचे दोन खंड घरोघरी जाऊन विकले गेले आणि विकणाऱ्यांत त्याचे जुने सैनिकही होते. 3 लाखांहून जास्त संच खपले. फेब्रुवारी 1886 मध्ये जुलियाला 2 लाख डॉलरचा धनादेश मिळाला आणि पुढेही रक्कम येत राहिली.

वर्गात सांगताना

हे चरित्र मुलांना सांगताना एक गोष्ट मात्र लपवू नका. ग्रँटने सगळंच लिहिलेलं नाही. त्याच्या दारू पिण्याबद्दल देशभर चर्चा होती, तिचा पुस्तकात पत्ता नाही. डिसेंबर 1862 मध्ये त्याने आपल्या हद्दीतल्या सगळ्या ज्यू लोकांना बाहेर काढण्याचा हुकूम काढला होता. तो राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी रद्द करायला लावला. ग्रँटला त्याचा पुढे पस्तावा झाला, पण आठवणींत तो हुकूमही नाही. प्रामाणिक माणसाच्या आठवणींतही रिकाम्या जागा असतात, हे मोठ्या वर्गातल्या मुलांना जरूर दाखवा. इतिहास वाचायची सवय तिथूनच लागते.

आणि पुढच्या वेळी निबंध द्याल तेव्हा जॉन्सनसारखं करून बघा. लगेच वही काढायला लावू नका. मुलाला जवळ बसवा, काय पाहिलंस, कशाची भीती वाटली, कुठे चुकलास, असं विचारा. तो बोलला, की म्हणा, आता हेच लिही. घरी आई-बाबांनाही हे सहज जमेल. मी सातवीच्या वर्गात हा प्रयोग केला तेव्हा एका मुलाने धाकट्या बहिणीचा हात गर्दीत सुटल्याची गोष्ट लिहिली. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर होत्या. पण हात आपणच सोडला होता, हे त्याने त्यात पहिल्यांदाच सांगितलं होतं. त्या वहीत लाल पेन चालवायच्या आधी मी बराच वेळ थांबलो.

तुमच्या वर्गात काय घडतं ते नक्की कळवा.