कार्नेगीची दशांशाची अट

ग्रंथालयाला इमारत बांधून देणारा दाता मिळणे ही फारशी अवघड गोष्ट नाही. कोनशिलेवर नाव कोरले जाते, उद्घाटनाला मंत्रिमहोदय येतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र झळकते. अवघड असते ते पुढच्या वर्षी नवी पुस्तके घेण्यासाठी, त्याच्या पुढच्या वर्षी गळके छप्पर दुरुस्त करण्यासाठी आणि दरमहा ग्रंथपालाच्या हातावर पगार ठेवण्यासाठी पैसे देणारा शोधणे. अर्थशास्त्रात ज्याला आवर्ती खर्च म्हणतात, त्याची कोनशिला बसविता येत नाही. जगात ज्या एका माणसाच्या पैशातून सर्वांत अधिक ग्रंथालये उभी राहिली, त्या अँड्र्यू कार्नेगीला हा फरक नेमका उमगला होता. त्याच्या पोलादाची आणि कोट्यवधी डॉलरांची कथा आपल्याकडे पुष्कळदा सांगितली गेली आहे. त्याने देणगीला जोडलेल्या एका रुक्ष अटीकडे मात्र सहसा कोणी लक्ष देत नाही.

कार्नेगीचा जन्म २५ नोव्हेंबर १८३५ रोजी स्कॉटलंडमधील डन्फर्मलिन येथे झाला. वडील हातमागावर तागाचे नक्षीदार कापड विणीत. आपली मोजकी पुस्तके एकत्र करून शेजाऱ्यांना वाचावयास देणाऱ्या गावातील काही विणकरांपैकी आपले वडील एक होते, हे कार्नेगी पुढे मोठ्या अभिमानाने सांगत असे. वाफेवर चालणारे माग आले आणि हातमागवाल्यांचा धंदा बुडाला. १८४८ मध्ये हे कुटुंब उसनवारी करून अमेरिकेला गेले आणि पिट्सबर्गसमोर नदीच्या पलीकडे असलेल्या ॲलेगेनी या गावी राहू लागले. बारा-तेरा वर्षांचा अँड्र्यू कापडगिरणीत बॉबिने बदलण्याच्या कामावर लागला. आठवड्याला वेतन एक डॉलर वीस सेंट. पुढे तो तारघरात तारा पोचविणारा पोऱ्या झाला.

याच सुमारास ॲलेगेनीतील कर्नल जेम्स अँडर्सन या गृहस्थाने आपल्या सुमारे ४०० पुस्तकांचा संग्रह काम करणाऱ्या मुलांसाठी खुला केला. शनिवारी जावे, एक पुस्तक न्यावे, पुढच्या शनिवारी बदलून घ्यावे. शाळा सुटलेल्या या मुलाचे शिक्षण येथेच झाले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. कालांतराने हा संग्रह मोठ्या जागेत गेला आणि एक अडचण निर्माण झाली. रीतसर उमेदवारी करणाऱ्या मुलांना पुस्तके फुकट. इतरांनी वर्षाला दोन डॉलर भरावेत, असा नियम ग्रंथपालाने लावला. तारघरातला पोऱ्या उमेदवार कसा ठरणार? १८५३ मध्ये सतरा वर्षांच्या कार्नेगीने या नियमाविरुद्ध स्थानिक वृत्तपत्राला पत्र लिहिले, ग्रंथपालाने उत्तर दिले, याने प्रत्युत्तर दिले. अखेर नियम बदलला. पुढे त्याने ॲलेगेनीच्या ग्रंथालयासमोर अँडर्सनचे स्मारक उभारले, त्यात अर्धपुतळ्याच्या खाली पुस्तक वाचीत बसलेला कामगार दाखविला आहे. परंतु मला त्या स्मारकापेक्षा ते पत्र अधिक बोलके वाटते. ग्रंथालय असणे आणि ते आपल्यासाठी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा अनुभव त्याने मिसरूड फुटण्याच्या वयात घेतला होता.

त्यानंतरची त्याची चढण थोडक्यात सांगता येते. तारयंत्राचे संदेश नुसत्या आवाजावरून टिपून घेण्याचे कौशल्य त्याने मिळविले. त्या बळावर तो पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या टॉमस स्कॉट या अधिकाऱ्याचा सहायक झाला. स्कॉटनेच त्याला शेअर घेण्यास शिकविले. शयनयान डब्यांच्या कंपनीत, खनिज तेलात, लोखंडी पुलांत पैसा गुंतवीत तो अखेर पोलादाकडे वळला आणि १८७५ मध्ये पिट्सबर्गजवळ ब्रॅडक येथे त्याचा मोठा कारखाना सुरू झाला. खर्चाचा पैन् पै हिशेब, नव्या यंत्रांसाठी जुनी बेधडक मोडीत काढणे आणि मंदीत विस्तार करणे ही त्याची त्रिसूत्री. १९०१ मध्ये त्याची कंपनी जे. पी. मॉर्गनने ४८ कोटी डॉलरांना घेतली. त्यातील सुमारे साडेबावीस कोटी एकट्या कार्नेगीचे होते.

दानाला त्याने सुरुवात केली ती याच्या कितीतरी आधी, जन्मगावापासून. डन्फर्मलिनच्या ग्रंथालयाची कोनशिला १८८१ मध्ये त्याच्या आईच्या हस्ते बसविण्यात आली. त्याच वर्षी त्याने पिट्सबर्गला अडीच लाख डॉलर देऊ केले. मात्र शहराने जागा द्यावी आणि दरवर्षी देखभालीचा खर्च उचलावा असे सुचविले. शहराने नकार दिला. ग्रंथालयासाठी कराचा पैसा खर्च करण्याचा अधिकारच कायद्याने शहराला नव्हता! कायदा बदलल्यानंतर, १८९० मध्ये कार्नेगीने दहा लाख डॉलर देऊ केले आणि ते स्वीकारले गेले. दुसऱ्या एखाद्या दात्याने पहिल्याच नकारानंतर अट सोडून दिली असती, किंवा देणगीच गुंडाळून ठेवली असती. याने कायदा बदलेपर्यंत वाट पाहिली.

आरंभीच्या काही ग्रंथालयांना त्याने स्वतःच कायम निधी लावून दिला. ब्रॅडकचे ग्रंथालय त्यांपैकीच एक. परंतु १८९८ नंतर त्याने देणगीचे जे सूत्र ठरविले, त्यावर पुढची हजारो ग्रंथालये उभी राहिली. जागा गावाने द्यावयाची. इमारतीचे पैसे कार्नेगी देणार. आणि जेवढी देणगी, तिच्या किमान दशांश रक्कम गावाने दरवर्षी करातून ग्रंथालयावर खर्च करावयाची, तसा रीतसर ठराव आधी करावयाचा. दहा हजार डॉलर घेणाऱ्या गावाने प्रतिवर्षी एक हजार खर्च केले पाहिजेत. पुस्तकांसाठी त्याच्याकडून छदामही मिळत नसे. पुस्तके त्या दशांशातून घ्यावयाची.

या अटीतील अर्थशास्त्र ध्यानात घेण्यासारखे आहे. दहा-अकरा वर्षांत गावाचा खर्च दात्याच्या खर्चाला गाठतो आणि मग ओलांडतो. म्हणजे पंचवीस-तीस वर्षांनी त्या ग्रंथालयात जे काही असते, त्याचा मोठा भाग गावकऱ्यांच्या करातून आलेला असतो, दरवाजावर नाव कोणाचेही असो. शिवाय एकदा अंदाजपत्रकात जे कलम शिरले ते काढून टाकण्यासाठी कोणाला तरी उभे राहून तसे म्हणावे लागते. दानाचे रूपांतर हक्कात करण्याची याहून साधी युक्ती मला ठाऊक नाही.

कार्नेगीचा सचिव जेम्स बर्ट्रम हा या व्यवहाराचा सूत्रधार. अर्जांची छाननी तोच करी. लोकसंख्या किती, आज ग्रंथालय आहे काय, पुस्तके किती, कर किती बसविणार, असे कोरडे प्रश्न तो विचारी आणि घुमट, शेकोट्या, भव्य जिने असलेले नकाशे परत पाठवी. १९११ मध्ये त्याने इमारतींच्या रचनेविषयी सूचनांची एक पत्रिकाच काढली. (कार्नेगीला इंग्रजी शुद्धलेखन सुधारण्याचा छंद होता, त्यामुळे या पत्रिकेत इमारत हा शब्दही नव्या पद्धतीने लिहिला आहे.) या यंत्रणेतून जगभर २,५०९ ग्रंथालये उभी राहिली. त्यांतील सुमारे १,६८० अमेरिकेत, ६६० ब्रिटन-आयर्लंडमध्ये आणि १२५ कॅनडात. एकट्या न्यूयॉर्क शहराला १९०१ मध्ये ५२ लाख डॉलर मिळाले.

येथपर्यंत सारे ठीक. परंतु हा पैसा आला कोठून, हा प्रश्न टाळून चरित्र पुरे होत नाही. कामगारांचे वेतन थोडे थोडे वाढविले तर ती रक्कम घराघरांत विरून जाईल. तीच एका कर्त्या माणसाच्या हाती साठू दिली तर समाजाच्या स्थायी हिताची कामे होतील, असा युक्तिवाद कार्नेगीने १८८९ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात केला होता. तीन वर्षांनी होमस्टेडच्या कारखान्यात या सिद्धांताचा दुसरा चेहरा दिसला. वेतनकपातीवरून तंटा झाला, व्यवस्थापक फ्रिकने टाळेबंदी केली आणि ६ जुलै १८९२ रोजी पिंकर्टन संस्थेचे सुमारे ३०० सशस्त्र रक्षक नदीतून तराफ्यांवरून आणविले. दिवसभर गोळीबार झाला. दोन्ही बाजूंची माणसे मेली. पाठोपाठ राज्याचे सैन्य आले आणि कामगार संघटना मोडून पडली. कार्नेगी त्या वेळी स्कॉटलंडमध्ये होता. परंतु फ्रिकच्या धोरणाला त्याची संमती होती, हे आता निर्विवाद आहे. १८९८ मध्ये त्याच होमस्टेडला त्याने टोलेजंग ग्रंथालय दिले. पोलादाच्या भट्टीवर बारा तासांची पाळी असे आणि पाळी बदलताना दर पंधरवड्याला सलग चोवीस तास काम पडे. अशा माणसाने ग्रंथालयात केव्हा जावे? पुस्तक फुकट मिळाले तरी वाचनाला वेळ लागतो, आणि त्या वेळेची किंमत कार्नेगीच्या एरवी चोख असलेल्या हिशेबात कोठेही धरलेली नव्हती. काही गावांनी त्याची देणगी नाकारली, त्यामागे जसा कराचा कंटाळा होता तसा होमस्टेडचा रागही होता.

दशांशाच्या अटीत आणखी एक पोकळी होती. कर गावाने बसवावा, हे ठीक. पण गाव म्हणजे कोण? अटलांटा येथील कार्नेगी ग्रंथालय १९०२ मध्ये उघडले, तेव्हा कृष्णवर्णीयांना तेथे मज्जाव होता. विचारवंत ड्यू बॉइस आणि त्यांचे सहकारी विश्वस्तांना भेटून आले. कर आम्हीही भरतो, हा त्यांचा साधा मुद्दा होता. उपयोग झाला नाही. अटलांटातील कृष्णवर्णीयांसाठी शाखा निघाली ती १९२१ मध्ये, तीही वेगळी. कराचा ठराव मागणाऱ्या बर्ट्रमच्या अर्जात दार कोणासाठी उघडे राहील हा प्रश्नही विचारता आला असता. सतराव्या वर्षी तेवढ्याच प्रश्नासाठी वृत्तपत्राकडे धाव घेणाऱ्या माणसाकडून ती अपेक्षा गैरवाजवी म्हणता येणार नाही.

मग अटीचे पालन तरी झाले काय? १९१५-१६ मध्ये कार्नेगीच्या संस्थेने याची पाहणी ॲल्विन जॉन्सन या अर्थशास्त्रज्ञाकडे सोपविली. सुमारे शंभर ग्रंथालये पाहून त्याने सांगितले, की कित्येक गावे दशांशाचे वचन पाळीत नाहीत; इमारती आहेत, पण त्यांत शिकलेले ग्रंथपाल नाहीत; यापुढे पैसा विटांवर नव्हे, माणसांच्या प्रशिक्षणावर खर्च करावा. ब्रिटनमध्ये प्राध्यापक ॲडम्स यांनी १९१५ मध्ये असाच निष्कर्ष काढला होता. तेथे पौंडामागे एका पेनीहून अधिक ग्रंथालय कर बसविण्यास कायद्याने बंदी होती. त्यामुळे लहान गावांना देणगीतली मोठी इमारत पोसता पोसता पुस्तकांना पैसा उरत नसे. ही मर्यादा १९१९ मध्ये उठली. अमेरिकेतील इमारतींच्या नव्या देणग्या त्याआधीच, १९१७ मध्ये, थांबल्या होत्या. ११ ऑगस्ट १९१९ रोजी कार्नेगी वारला, तोवर त्याने सुमारे ३५ कोटी डॉलर वाटून टाकले होते.

आपल्याकडे याच काळात बडोद्याचे सयाजीराव गायकवाड याच प्रश्नाशी झुंजत होते. अमेरिकेतील ग्रंथालये पाहून आल्यावर त्यांनी १९१० मध्ये न्यू हेवनचे ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून घेतले. बडोद्याचे सूत्र तिहेरी होते. गाव जेवढी वर्गणी जमवील तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने द्यावयाची. खेड्याला वर्षाला शंभर रुपयांपर्यंत, मोठ्या गावांना त्याहून अधिक. माझ्या मते ही रचना कार्नेगीच्या अटीहून सरस आहे. केवळ स्थानिक करावर विसंबले की श्रीमंत गावाला चांगले ग्रंथालय आणि दरिद्री गावाला रिकामी इमारत, असे होते. राज्याचा वाटा ती दरी काही अंशी भरून काढतो.

महाराष्ट्राच्या १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने मात्र या तीन पायांपैकी एक आखूडच ठेवला. १९४८ च्या मद्रास कायद्याने मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसविला. आपल्या कायद्यात उपकराची तरतूद नाही. अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार शासन अनुदान देते, वाचक वर्गणी भरतात आणि नगरपालिका स्वेच्छेने देतील तेवढे देतात. अनुदान अपुरे आणि उशिरा मिळण्याची तक्रार जुनी आहे. ती खरी आहेच. परंतु तक्रार करावयाची ती नेहमी मुंबईकडे तोंड करून, याचे कारण गावाच्या अंदाजपत्रकात ग्रंथालयाला हक्काचे कलम नाही हे आहे. नवा कर म्हटला की कपाळाला आठ्या पडतात, हे मान्य. पिट्सबर्गमध्येही पडल्या होत्या.

ब्रॅडकची हकीकत सांगावयाची राहिली. कार्नेगीने अमेरिकेत दिलेले हे पहिले ग्रंथालय, १८८९ चे. तळघरात कामगारांसाठी स्नानगृह असलेले, आणि दशांशाच्या अटीवर नव्हे तर त्याच्या स्वतःच्या निधीवर सुरू झालेले. १९०१ मध्ये कंपनी विकल्यावर त्याने ब्रॅडक, होमस्टेड आणि डुकेन येथील ग्रंथालयांसाठी आणखी दहा लाख डॉलर बाजूला काढले. पुढे पोलादाचा धंदा ओसरला, वस्ती उठत गेली आणि १९७४ मध्ये ते बंद पडले. इमारत पाडली जाणार होती. तेथील शेवटच्या ग्रंथपालाने ती एका डॉलरला विकत घेऊन वाचविली, आणि १९८३ मध्ये गावकऱ्यांनी तिची एक खोली, मुलांची, पुन्हा उघडली.