हवेला कामाला जुंपणारा माणूस

सांताक्रूझला स्लो लोकल येऊन थांबली की डब्याखालून 'फिस्स' असा आवाज येतो. रोजचाच, म्हणून आपलं लक्ष जात नाही. तो असतो ब्रेकमधून सुटणाऱ्या दाबाच्या हवेचा आवाज. या हवेला गाडी थांबवण्याच्या कामाला जुंपलं ते जॉर्ज वेस्टिंगहाउसने.

त्याचा जन्म ६ ऑक्टोबर १८४६ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या सेंट्रल ब्रिज गावचा. वडिलांचा शेतीच्या यंत्रांचा कारखाना होता, पोरगा तिथेच हत्यारं हाताळत वाढला. अमेरिकेच्या यादवी युद्धात तो आधी सैन्यात, मग नौदलात गेला. परत येऊन कॉलेजात नाव घातलं, पण तीनेक महिन्यांतच रामराम ठोकला. (मित्रांनो, घरी हा दाखला देऊ नका. १९ व्या वर्षी त्याच्या नावावर रोटरी वाफेच्या इंजिनाचं पेटंट होतं!)

त्या काळी इंजिनाची शिट्टी झाली की ब्रेकवाले डब्याडब्यावर धावत जाऊन हातचाकं फिरवायचे. दोन मालगाड्या समोरासमोर धडकल्याचं वेस्टिंगहाउसच्या पाहण्यात आलं. चालकांना समोरची गाडी दिसली होती, पण थांबायला वेळ पुरला नाही. पुढे एका मासिकात त्याने वाचलं की आल्प्समधला बोगदा खोदताना दाबाची हवा नळातून लांबवर नेऊन ड्रिल चालवतात. डोक्यात प्रकाश पडला. १८६९ मध्ये एअर ब्रेकचं पेटंट मिळालं तेव्हा तो अवघा बावीस वर्षांचा होता.

पण पहिल्या रचनेत एक खोट होती. हवा सोडली की ब्रेक लागे, म्हणजे नळी फुटली की ब्रेकच गेला! १८७२ मध्ये त्याने सगळं उलटं केलं. प्रत्येक डब्याला हवेची स्वतंत्र टाकी आणि ट्रिपल व्हॉल्व्ह दिला. मुख्य नळीत दाब कायम भरलेला. तो उतरला की ब्रेक लागणार. नळी तुटो, डबा सुटो, गाडी थांबणारच.

१८८६ मध्ये ५० डब्यांच्या मालगाडीवर चाचण्या झाल्या. मागच्या डब्यांना ब्रेक उशिरा लागला आणि ते पुढच्यांवर आदळले. वर्षभरात त्याने झडप सुधारली. १८९३ मध्ये अमेरिकेने असे ब्रेक कायद्यानेच सक्तीचे केले. एसी विजेसाठीही तो टेस्लाच्या पाठीशी उभा राहिला. १९०७ च्या मंदीत मात्र विजेच्या कंपनीवरचा ताबा गेला. १२ मार्च १९१४ रोजी तो वारला. त्याच्या नावावर एकूण ३६१ पेटंटं जमा आहेत.

एक काम मात्र तो आपल्या हातांवर सोडून गेला. नळी गळली तर गाडी थांबते, हे ठीक. पण नळी तुंबली तर? दाब उतरल्याची खबर मागच्या डब्यांपर्यंत पोचतच नाही. झडपेची बारीक भोकं तर गंजाच्या कणानेही अडतात. म्हणून आपल्या रेल्वेच्या डब्यांखालीही हवा आधी डर्ट कलेक्टरमधून जाते.

आणि आपली मुंबईची हवा! ३० अंशाला, ८० टक्के आर्द्रता असताना एका घनमीटरमध्ये साधारण २४ ग्रॅम वाफ असते. ती हवा आठपट दाबून पुन्हा थंड केली की जेमतेम ४ ग्रॅम वाफ टिकते. उरलेलं २० ग्रॅम पाणी होऊन टाकीत, नळीत बसतं. मोठे थेंब सेपरेटर पाडतो. बारीक तुषार आणि तेल कोअॅलेसिंग फिल्टरच्या काचतंतूंत अडतात, एकमेकांना मिळून मोठे होतात आणि तळाच्या भांड्यात उतरतात. पण वाफ त्यात अडत नाही, तिच्यासाठी ड्रायर लागतो.

हे सगळं चालतं ते कुणीतरी रोज ड्रेन कॉक उघडतं म्हणून. भांडं भरलं की पाणी पुन्हा हवेबरोबर पुढे जातं. फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक वाढला तर एलिमेंट तुंबलं समजा आणि बदला, पण फिल्टर उघडण्याआधी दाब पूर्ण सोडा. पारदर्शक प्लॅस्टिकचं भांडं थिनरने पुसू नका, तडकतं.

वर्कशॉपमधल्या आपल्या कॉम्प्रेसरचा ड्रेन कॉक शेवटचा कधी उघडला होता? पुढच्या प्रॅक्टिकलला उघडून बघा. तांबूस पाणी आलं, तर वेस्टिंगहाउसचं राहिलेलं काम तुम्ही केलंत.