पेशींचे बंड ओळखणारे खानोलकर

पेशींपासून ऊती, ऊतींपासून अवयव आणि अवयवांपासून पचन, श्वसनासारख्या संस्था अशी मानवी शरीराची रचना आहे. एखाद्या पेशीने वाढीची शिस्त मोडली, की ही सारी रचना धोक्यात येते. कर्करोग म्हणजे असेच पेशींचे बंड. त्याची कारणे शोधण्यासाठी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी आयुष्य वेचले.

१८९५ साली जन्मलेल्या खानोलकरांनी १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. पदवी मिळविली. मुंबईत अध्यापन केल्यानंतर त्यांनी १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा वाहिली.

सूक्ष्मदर्शकाखालील पेशींइतक्याच बारकाईने त्यांनी रुग्णांच्या सवयी अभ्यासल्या. १९४५ मध्ये सूर्याबाई यांच्यासमवेत त्यांनी तीन प्रकार मांडले. खालच्या ओठात खैनी धरणाऱ्यांना ओठाचा, चुट्ट्याचे जळते टोक तोंडात ठेवून ओढणाऱ्यांना टाळूचा, तर धोतर कमरेला घट्ट कसणाऱ्यांना तेथील त्वचेचा कर्करोग होतो, असे त्यांना आढळले. रोग दैवगतीने नव्हे, तर सवयीनेही जडतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

१९५२ मध्ये ते भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक झाले. १९५५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. पुढे त्यांनी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूपदही भूषविले. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले.

महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांपासून मुंबईच्या चाळींपर्यंत तंबाखू आणि मशेरी परकी नाही. तोंडातला पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम वेळीच तपासून घेणे, हाच खानोलकरांच्या संशोधनाचा घरोघरी उपयोगी पडणारा धडा आहे.