खरे सोवळे

नाशिकजवळ गोदावरीच्या परिसरात जलालपूर नावाचे लहानसे खेडे आहे. तेथील गोखले यांच्या घराण्यात 1868 साली एक कन्या जन्मास आली. तिचे नाव मनकर्णिका. हीच मुलगी पुढे लक्ष्मीबाई टिळक या नावाने साऱ्या महाराष्ट्रास परिचित झाली.

मनकर्णिकेच्या माहेरी सोवळ्याचे विलक्षण प्रस्थ होते. तिच्या आईचे वडील वासुदेव भगवंत जोगळेकर यांस 1857 च्या धामधुमीत इंग्रज सरकारने फाशी दिले. या आघाताचा तिच्या वडिलांच्या मनावर असा परिणाम झाला की, त्यांस सारे जग विटाळलेले वाटू लागले. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू ते धुवावयास लावीत. मीठदेखील त्यातून सुटत नसे. मीठ धुतल्यावर हाती काय उरत असेल, हे मुलांनो, तुम्हीच ताडून पाहा! परक्याचा स्पर्श म्हणजे विटाळ, हीच शिकवण त्या बालमनावर पहिल्यापासून ठसली.

वयाच्या अकराव्या वर्षी तिचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला आणि ती लक्ष्मीबाई झाली. टिळक हे विद्वान, उत्तम कवी व शीघ्रकोपी, परंतु मनाने अत्यंत उदार असे गृहस्थ होते. सत्याचा शोध हा त्यांचा ध्यास होता. या शोधातूनच 1895 साली त्यांनी मुंबई येथे ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

ही वार्ता ऐकून लक्ष्मीबाईंवर जणू आकाश कोसळले. त्या काळी धर्मांतर करणाऱ्याशी आप्तेष्ट सारे संबंध तोडीत. आपला लहानगा पुत्र दत्तू यास पोटाशी धरून लक्ष्मीबाई पतीपासून दूर राहिल्या. पंढरपूरच्या वास्तव्यात त्यांनी पुष्कळ अश्रू ढाळले. आपल्या अंतःकरणातील व्यथा त्या कवितेतून मांडू लागल्या. अशी चार-साडेचार वर्षे लोटली. अखेर त्या पतीकडे परत आल्या. पण आपला धर्म व आपले सोवळे सोडून नव्हे. एकाच कुटुंबात पती ख्रिस्ती आणि पत्नी सोवळे पाळणारी, असा तो संसार होता. टिळकांनी पत्नीवर स्वतःच्या मताची सक्ती केली नाही. श्रद्धा ही बळाने देता येत नाही, हे ते जाणून होते.

लक्ष्मीबाई मात्र सर्व काही डोळसपणे पाहत होत्या. पतीच्या दारी येणारा भुकेला मनुष्य कोणत्या जातीचा आहे, हे कोणी विचारीत नसे. रोगी, अनाथ, निराधार यांस तेथे आधार मिळे. लक्ष्मीबाईंच्या मनात विचारांचे काहूर उठले. परमेश्वराने मनुष्य निर्माण केला. मग उच्च-नीच हा भेद कोणी निर्माण केला? तो मनुष्यानेच केला असला पाहिजे, असा निर्णय त्यांच्या बुद्धीने दिला. निर्णय झाला आणि तो त्यांनी तत्काळ आचरणात आणला. कोणाच्याही हातचे अन्नपाणी त्या घेऊ लागल्या. लहानपणापासून हाडीमासी खिळलेली सवय मोडणे किती कठीण! पुढे 1900 साली त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

धर्म बदलला म्हणजे उपासना पूर्ण झाली, असे लक्ष्मीबाईंनी कधी मानले नाही. प्रार्थनेच्या वेळी ओठांवर जी प्रीती येते, ती पुढे दिवसभर हातांतून दिसली पाहिजे, असे त्यांचे वर्तन सांगते. अहमदनगरास प्लेगाची साथ आली, तेव्हा मुलींच्या शाळेतील काही मुली त्या भयंकर रोगाने आजारी पडल्या. प्लेग म्हणताच माणसे जिवाच्या भीतीने घरदार सोडून पळत. पण लक्ष्मीबाई त्या मुलींच्या शुश्रूषेसाठी पुढे झाल्या. ज्या हातांना परक्याच्या स्पर्शाचे भय शिकवले गेले होते, तेच हात आता परक्यांच्या लेकींना पाणी पाजीत होते. अनाथ मुलांनाही त्यांनी आपल्या घरी आईची माया दिली. कवी त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच आपले बालकवी, हे काही काळ टिळकांच्या घरी राहिले. त्यांच्यावरही लक्ष्मीबाईंनी पुत्रवत् प्रेम केले.

1919 साली टिळकांचे मुंबईत निधन झाले. ख्रिस्ताचे चरित्र मराठी काव्यात सांगणारा ‘ख्रिस्तायन’ हा त्यांचा ग्रंथ जेमतेम दहा-अकरा अध्याय होऊन अपुरा राहिला होता. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते कार्य हाती घेतले व त्यास 64 अध्यायांची जोड दिली. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचे चार भाग 1934 ते 1936 या काळात प्रसिद्ध झाले. साधी, घरगुती आणि विनोदाने खुललेली भाषा हे त्याचे वैशिष्ट्य होय. त्यात त्यांनी स्वतःच्या चुका व फजितीही मोकळेपणाने सांगितल्या आहेत. असा सच्चेपणा निर्मळ मनावाचून येत नाही.

24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाईंनी इहलोकीची यात्रा संपविली. जन्मगाव जलालपूर तेथून फार दूर नव्हते. पण त्या घरापासून त्यांचे मन किती दूरवर येऊन पोहोचले होते! वडिलांनी आयुष्यभर वस्तू धुतल्या, तरी त्यांच्या मनातील भय काही धुतले गेले नाही. लेकीने दुःखितांची सेवा केली आणि तिचे मन आपोआप स्वच्छ झाले. खरे सोवळे ते हेच.