भुयाराला रंगांची ओळख देणारे आल्फ्रेड ग्रेनांडर

बर्लिनच्या यू-८ मार्गावरून उत्तरेकडे जाणारी गाडी आलेक्झांडरप्लाट्झ स्थानकात शिरते, तेव्हा नावाची पाटी वाचण्याआधीच भिंतींवरील निळसर हिरव्या टाइल्स स्थानकाची ओळख पटवतात. त्यापुढील दुसऱ्या थांब्यावर, रोझेंथालर प्लाट्झला, नारिंगी रंग सामोरा येतो. जर्मन भाषेशी नुकताच परिचय होऊ लागलेल्या प्रवाशालाही उपयोगी पडणारी ही योजना एका परदेशस्थ वास्तुकाराची आहे.

आल्फ्रेड ग्रेनांडर यांचा जन्म १८६३ साली स्वीडनमध्ये झाला. स्टॉकहोममध्ये वास्तुविद्येचे शिक्षण घेतल्यावर १८८५ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते पुढील अभ्यासासाठी बर्लिनला आले आणि तिथलेच झाले. राइशस्टागचे वास्तुकार पाउल वालोट यांच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी केली. पुढे ते अध्यापनाकडे वळले आणि प्राध्यापकपदापर्यंत पोहोचले.

१९०२च्या फेब्रुवारीत बर्लिनचा पहिला उन्नत व भुयारी विद्युत रेल्वेमार्ग प्रवाशांसाठी खुला झाला. ही कल्पना मुळात वेर्नर फॉन सीमेन्स यांची. ती प्रत्यक्षात येण्यापूर्वीच, १८९२ साली, त्यांचे निधन झाले होते. या रेल्वेशी आरंभापासून जोडले गेलेले ग्रेनांडर सुमारे तीस वर्षे तिची स्थानके घडवत राहिले. त्यांच्या नावावर सुमारे सत्तर स्थानके आहेत.

बर्लिनच्या भूगर्भात पाण्याची पातळी उंच असल्याने जुनी भुयारे रस्त्याच्या अगदी खालून नेलेली आहेत. त्यामुळे स्थानकांची छते बुटकी आणि मधोमध पोलादी खांबांच्या रांगा. अशा जागी भव्यतेला वाव नव्हता. एकसारख्या दिसणाऱ्या फलाटांवर आपले स्थानक प्रवाशाला चालत्या गाडीतून कसे ओळखता यावे, हा खरा प्रश्न होता. ग्रेनांडर यांनी प्रत्येक स्थानकाला स्वतःचा रंग दिला. खांब, टाइल्सच्या पट्ट्या, जाहिरातींच्या चौकटी असे सारे त्या एका रंगात बांधले. ठरावीक रंग क्रमाने पुन्हा येत गेले. मुंबईच्या मेट्रोत रंगाने मार्ग ओळखला जातो. इथे रंगाने थांबा ओळखला जाई.

जिथे उंची मिळाली, तिथे त्यांनी तिचा उपयोगही केला. १९१३चे विटेनबेर्गप्लाट्झचे प्रवेशगृह चौकाच्या मध्यभागी दिमाखात उभे आहे. विसाच्या दशकातील हेरमानप्लाट्झच्या प्रशस्त स्थानकात बर्लिनच्या भुयारी रेल्वेतील पहिले सरकते जिने बसले.

१९३१ साली बर्लिनमध्येच त्यांचे निधन झाले. त्यांच्या कामाची कठोर परीक्षा पुढे झाली. महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी विटेनबेर्गप्लाट्झचे मोठे नुकसान केले. १९६१च्या ऑगस्टमध्ये शहर दुभंगले आणि यू-८वरील पूर्व बर्लिनमधील स्थानके बंद झाली. पश्चिमेच्या गाड्या अंधुक उजेडातील त्या निर्मनुष्य फलाटांवरून न थांबता जात. १९८९च्या नोव्हेंबरात यानोवित्सब्र्यूके आणि डिसेंबरात रोझेंथालर प्लाट्झ पुन्हा उघडले. अठ्ठावीस वर्षांनी तिथे उतरणाऱ्यांच्या स्वागताला नारिंगी भिंती होत्याच.

नैर्ऋत्य बर्लिनमध्ये त्यांनीच रचलेल्या क्रुमे लांके स्थानकासमोरील चौक आज ग्रेनांडर यांच्या नावाने ओळखला जातो. शिक्षणासाठी आलेला एक तरुण या शहराच्या रोजच्या येण्याजाण्यात कायमचा वस्तीला राहिला आहे.